धरणापलीकडची पंगत

"आता आणखी काय कबूल करू, बाबा?"

विनायकने हे विचारलं तेव्हा घाटावर कोणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांच्या माना वर होत्या. कोणी पिंपळाचा शेंडा न्याहाळत होतं, कोणी देवळाचा कळस, कोणी विजेच्या तारा. कावळा कुठेच नव्हता.

दयालगिरी बाबा वरच्या पायरीवर बसून तळव्यातला काटा काढत होते.

"मला कशाला विचारतोस?" ते म्हणाले. "मी काय कावळा आहे?"

अण्णांचा आज दहावा होता. अण्णा म्हणजे विनायकचे वडील, दामोदर तांबट. तांबट आळीत भांड्यांवर ठोके घालणारे ते शेवटचे. पिंड पत्रावळीवर ठेवून सगळे मागे सरले त्याला बराच वेळ झाला होता. पिंडाशेजारी अण्णांच्या आवडीचं एकेक मांडलं होतं. चहाचा कप, दोन चकल्या, तपकिरीची डबी. सगळ्यात शेवटी विनायकच्या थोरल्या बहिणीने, कुमुदताईने, कणकेचा एक गोळा आणून ठेवला. तो अण्णांच्या आवडीचा नव्हता. अण्णा रोज संध्याकाळी कासवडोहावर जाऊन माशांना कणीक घालायचे, तो माशांच्या आवडीचा होता.

विनायक ओल्या धोतरात उभा होता. बोटात दर्भाचं पवित्रक, डोक्याचा नुकताच गोटा केलेला, वरून उन्हाचा चटका. एरवी हा माणूस सावलीतून गाडीत आणि गाडीतून सावलीत जाणारा.

तसा तो आजही स्वतःच्याच मुलखात उभा होता म्हणायचं. घाटाच्या खालच्या अंगाला ती लांबलचक पांढरी भिंत दिसते ना, ती त्याची. भर शहरात बाणवती नदीला आडवं घातलेलं धरण. अभियंता म्हणून केलेल्या त्याच्या सहीने नदी थांबली आणि घाटाच्या निम्म्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या. आज संध्याकाळी त्या पाण्यात नौकाविहार सुरू व्हायचा होता. मंत्री येणार होते. पलीकडच्या काठावर मांडव पडला होता, हंसाच्या आकाराच्या होड्या रांगेत बांधल्या होत्या, आणि कोणीतरी मघापासून माइकमध्ये हॅलो हॅलो करत होतं.

"यजमान, बोला काहीतरी," पेंडसे भटजी म्हणाले. "जीव कशात तरी गुंतलाय. मोकळेपणाने कबूल करा. ऊन कलायच्या आत शिवायला हवा."

विनायकने हात जोडले.

"अण्णा, तुमचे हातोडे मोडीत घालणार नाही. कपाट करून नीट ठेवीन."

सगळ्यांनी वर पाहिलं.

काही नाही.

"ताईचं माहेर तुटू देणार नाही. दरवर्षी दिवाळीला तिला घरी आणीन."

कुमुदताईने त्याच्याकडे एकदा पाहून घेतलं. गेल्या कित्येक दिवाळ्या ती स्वतःच्या घरी बसून होती.

काही नाही…

"तुमचं वर्षश्राद्ध चुकवणार नाही. कितीही काम असलं तरी."

हॅलो, हॅलो, पलीकडून माइक म्हणाला.

मोठमोठ्या बैठकांत तोंडावर सुरकुती न हलू देणारा विनायक, पण आज त्याचं तोंड कोरडं पडलं होतं. अण्णा गेले ते शांतपणे गेले असं तो सगळ्यांना सांगत आला होता. आता सगळ्या आळीसमोर ते खोटं पडत होतं.

"दर्भाचा कावळा करू या का?" भटजींनी हळूच विचारलं. "शास्त्रात सोय आहे. गवताचा करायचा, पिंडाला टेकवायचा. पुष्कळ लोक करतात हल्ली."

विनायकने मनगटाकडे पाहिलं. घड्याळ नव्हतं, ते घरी काढून ठेवलं होतं. संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी त्याला आंघोळ करून, कपडे करून, टोपी घालून तिथे हजर व्हायचं होतं. मंत्र्यांना त्याने तसा निरोपही दिला होता.

"करा," तो म्हणाला.

"बरं असतं ते," काटा चिमटीत धरून बघत बाबा म्हणाले. "गवताच्या कावळ्याला भूक नसते."

भटजींचा हात दर्भाच्या जुडीवर थांबला.

"गवत नको," कुमुदताई म्हणाली. "ज्याने जन्मभर माशांच्या तोंडात घास घातला, त्याच्या पिंडाला गवत टेकवायचं? मला हे चालणार नाही, विनू."

"मग काय करू मी, ताई? कावळा पकडून आणू?"

"अण्णांनी शेवटी तुला काय विचारलं, ते आठव."

विनायकने मान फिरवली.

त्याला आठवायची गरजच नव्हती. अण्णा बोलायचे थांबले, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी त्याचा हात धरून विचारलं होतं, "डोहात पाणी आहे ना रे?" आणि तो म्हणाला होता, "आहे हो, अण्णा." तेव्हा खरंच होतं. धरणाचं तळाचं दार बोटभर उघडं असायचं, त्यातून पलीकडे एक धार पडायची आणि त्या धारेवर कासवडोह कसाबसा तग धरून होता. कासवं कधीच गेली होती, पण डोह होता.

अण्णा गेले, आणि दोन-तीन दिवसांत विनायकने सुतकातल्या चटईवर बसून फोन केला. तलाव काठोकाठ भरला पाहिजे, होड्या तळाला घासता कामा नयेत. तळाचं दार पूर्ण बंद करा.

या दहा दिवसांत अण्णांची आठवण त्याला शंभरदा आली असेल. डोहाची एकदाही आली नाही.

"अण्णा," तो आता घाईने म्हणाला, "तुमच्या माशांना मी कणीक घालत जाईन. रोज. स्वतः जाऊन घालीन."

बाबांनी काटा फेकून दिला.

"कुठे घालशील?"

"कासवडोहात."

"चल तर मग."

"आत्ता?"

"कबूल केलंस ना? की तेही दिवाळीला?"

बाबा उठले. पायऱ्या उतरून पिंडाशी गेले आणि पिंडाशेजारचा कणकेचा गोळा त्यांनी उचलला. भटजी हां हां करेपर्यंत तो त्यांनी विनायकच्या ओंजळीत ठेवलाही होता. ठेवताना त्यांचा हात विनायकच्या हाताला लागला. न्हावी सोडला तर दहा दिवसांत त्याला माणसाचा हात लागला तो हाच. संन्याशाला कोणाचं सुतक नसतं.

"पिंड सोडून यजमान जातात कुठे?" भटजी कावरेबावरे झाले.

"तुम्ही राखण करा," बाबा म्हणाले. "कावळा आला तर बसवून घ्या."

दोघं काठाकाठाने धरणाकडे निघाले. पुढे बाबा, मागे ओंजळ सांभाळत विनायक.

या दोघांचं नातं जुनं होतं. कॉलेजात असताना विनायक अण्णांचं बोट धरल्यासारखा बाबांच्या मठात आला, त्याने अनुग्रह घेतला, दर गुरुवारी पायऱ्या झाडल्या. मग नोकरी लागली, हुद्दा वाढला. आधी तो फक्त गुरुपौर्णिमेला शाल घेऊन येऊ लागला. पुढे शाल ड्रायव्हर आणू लागला. बाबांनी ती ड्रायव्हरलाच देऊन टाकली.

धरण पुरं झालं तेव्हा मात्र विनायक स्वतः आला होता. बाबांना मठाच्या गच्चीवर नेऊन त्याने हात पसरून दाखवलं होतं.

"बघा बाबा. उन्हाळ्यात इथे गुडघाभर पाणी नसायचं. मी नदी बारमाही केली."

बाबांनी बराच वेळ पाहिलं होतं.

"छान आहे," ते म्हणाले होते. "नदी कुठे आहे?"

विनायकने ते हसण्यावारी नेलं होतं. म्हातारा माणूस, नजर कमी झाली असेल, असं तो घरी येऊन बायकोला म्हणाला होता.

आता चालताना बाबा एका जागी थांबले. पाणी इथे हिरवं आणि जाड झालं होतं. कडेला जलपर्णीची गादी पसरली होती, त्यात झेंडूच्या कुजक्या माळा, फुटके नारळ, गणपतीच्या मखराचा थर्माकोल अडकून पडला होता. वास असा की विनायकने नकळत श्वास धरला. मंत्र्यांच्या काठाला हा भाग हिरव्या कापडाने झाकला होता. इकडून झाकायचं राहून गेलं होतं.

"हे सगळं लोकांनी नदीला वाहिलेलं," बाबा म्हणाले.

"हो. स्वच्छतेचं काम दिलंय. होईल."

"वाहिलं… पण वाहिलं नाही."

विनायकला हे शब्दांचे खेळ नवीन नव्हते. लहानपणी ते ऐकून अंगावर काटा यायचा, आज नुसता राग आला. इथे माझ्या बापाचा पिंड उन्हात पडलाय आणि यांना कोटी सुचतेय, असं त्याच्या मनात आलं.

"बाबा, खरं सांगा. अण्णांचा जीव अडकलाय का?"

"मला ऐकू कमी येतं. तू ऐक जरा."

"काय ऐकू?"

"काय येतंय ते."

विनायक थांबला. मागे माइक. पलीकडच्या रस्त्यावर गाड्या. पण काहीतरी कमी होतं, आणि ते काय हे कळायला त्याला क्षणभर लागलं. धारेचा आवाज नव्हता. धरणाजवळ आलं की एरवी तो यायचाच.

आणि त्या रिकाम्या जागेत, भिंतीच्या पलीकडून, दुसराच एक गलका येत होता. वारा उलटा असल्यामुळे तो घाटावर पोचत नव्हता.

कावकाव.

विनायक बाबांच्या पुढे निघाला.

भिंतीवर चढायच्या जिन्यापाशी एका माणसाने त्याला हटकलं.

"ओ, कुठं? हितं मनाई हाय. वाचता येत न्हाई का?"

गेटवर नेमलेला खिल्लारे होता तो. रोज सलाम ठोकणारा. विनायकने आपल्या हुकुमाने लावलेल्या पाटीकडे पाहिलं, मग खिल्लारेकडे. खिल्लारेने गोटा पाहिला, धोतर पाहिलं, आणि मग चेहरा पाहिला.

"अगं आई. साहेब, तुमी?" तो चार पावलं मागे सरला. "माफ करा. वळखलं न्हाई."

विनायक जिना चढून वर गेला आणि पलीकडे वाकून पाहिलं.

कासवडोह उरला नव्हता.

जिथे डोह होता तिथे काळा चिखल होता, भेगा पडत चाललेला. आणि त्या चिखलावर कावळेच कावळे. शहरातला एकही कावळा घरी राहिला नसावा. चिखलात चकाकणारं जे काही होतं ते सगळं मासे होते. वाम, शिंगटा, मरळ. काही पोट वर करून, काही नुसते काटे. कावळे टोचत होते, ओढत होते, आणि बरेचसे तर नुसतेच पिसं फुगवून बसले होते, लग्नाच्या जेवणानंतर माणसं बसतात तसे.

विनायकने भिंतीचा कठडा घट्ट धरला.

मधोमध एक डबकं राहिलं होतं. फार तर परातीएवढं. त्यात एक मोठी मरळ होती. पाण्यात मावत नव्हती म्हणून अर्धी बाहेर होती, आणि तोंड उघडत होती, मिटत होती. तिच्याभोवती चार-पाच कावळे गोल करून थांबले होते. तिची धडपड थांबायची वाट पाहत होते.

घाटावर माणसं कावळ्याची वाट पाहत होती, आणि इथे कावळे माशाची.

बाबा जिना चढून वर आले. त्यांना धाप लागली होती. ते कठड्यापाशी बसले.

"बोल आता," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"कबूल करत होतास ना? तिकडे ऐकायला कोणी नव्हतं. सगळे इथे आहेत. यांना सांग."

विनायकच्या ओंजळीतला गोळा घामाने चिकट झाला होता. त्याने त्यातला एक लचका तोडला आणि त्या डबक्याच्या दिशेने फेकला. नेम चुकला. कणीक चिखलावर पडली, एका कावळ्याच्या पायाशी. कावळ्याने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. मग तोंड फिरवलं.

"पोटं भरलीत यांची," विनायक पुटपुटला.

"भरणारच. पंगत चांगली झाली."

"बाबा…"

"तेराव्याला वाढतात लोक. तू आधीच वाढलीस."

हे लागायचं तिथे लागलं. विनायकच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला त्याच्याकडे रुमालही नव्हता. हात कणकेने भरलेले. अण्णा म्हातारपणी काठी टेकत इथवर यायचे, धोतराचा सोगा खोचून खडकावर बसायचे, पाण्यावर बोटांनी टिचक्या मारायचे, आणि मासे वर यायचे. विनायक लहान असताना त्यांच्या मांडीवर बसून ते बघायचा. ती मांडी, तो खडक, तो डोह, सगळं त्याने एका फोनवर बंद करून टाकलं होतं. आणि कपाटात हातोडे ठेवायचं कबूल करून तो सुटू पाहत होता.

पण सवय लवकर सुटत नाही. डोळे पुसायच्या आत त्याचं डोकं हिशेबाला लागलं होतं.

"तळाचं दार उघडलं," तो हळूच म्हणाला, "तर चिखलावर पाणी पसरेल. कावळ्यांना उठावं लागेल. उठले की… घाटाकडे येतील."

बाबा कठड्यावरून खाली वाकले.

"येतील ना, बाबा?"

बाबा खालच्या मरळीकडे पाहत होते.

मरळीने तोंड उघडलं. बराच वेळ मिटलं नाही. मग मिटलं.

विनायकनेही ते पाहिलं. आणि मघाचा हिशेब त्याने अर्ध्यावर सोडला.

"खिल्लारे," त्याने हाक मारली. "तळाचं दार उचल."

खिल्लारे हात जोडून उभा राहिला.

"तेवढं सांगू नका, साहेब."

"मी सांगतोय."

"तुमीच सांगितलंय न्हवं? कार्यक्रम होस्तवर दार हलता कामा नये. कुनी बी सांगू दे. मी सोता येऊन सांगितलं तरी ऐकायचं न्हाई, असं तुमीच फोनवर म्हनला. दोनदा म्हनवून घेतलं माझ्याकडनं."

खरं होतं. खालच्या वस्तीतले लोक पाण्यासाठी येऊन दडपण आणतील, म्हणून विनायकने ही तजवीज केली होती. तेव्हा त्याला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

"आता मी ते मागे घेतोय."

"साहेब, तुमी दुखात हाय. डोकं ठिकान्यावर नसतंय मानसाचं. संध्याकाळी मंत्री आलं आन् होड्या गाळात बसल्या तर माझी नोकरी जाईल, तुमची बी." खिल्लारे दाराच्या चाकापुढे जाऊन उभा राहिला. "मी न्हाई उचलनार. आन् कुनाला उचलू बी देनार न्हाई."

पलीकडे माइकवर आता गाणं लागलं होतं. मांडवाखाली खुर्च्या मांडत होते. हे धरण व्हावं म्हणून विनायकने उमेदीची वर्षं घातली होती. आज संध्याकाळी त्याचं नाव घेतलं जाणार होतं, त्याच्या पुढच्या बढतीची बोलणीही तिथेच व्हायची होती. दार उचललं की तासाभरात काठावर गाळाची काळी पट्टी उघडी पडेल, हिरव्या कापडाखालचा वास वर येईल, आणि कोणी उचललं हे सगळ्या शहराला कळेल.

त्याने मागे पाहिलं. घाटावर कुमुदताई पदर डोक्यावर घेऊन उभी होती. इकडेच बघत होती.

"बाबा, माझे हात बांधलेले आहेत," तो म्हणाला.

बाबांनी त्याचे हात पाहिले. कणकेने बरबटलेले, बोटात दर्भाचं पवित्रक.

"तुला आज कोणी शिवत नाही, विनायका," ते म्हणाले.

…

विनायकने एकदा आपल्या ओल्या धोतराकडे पाहिलं.

मग तो चाकाकडे चालू लागला.

"साहेब, थांबा," खिल्लारेने हात पुढे केले. विनायक थांबला नाही. खिल्लारेचे हात त्याच्या उघड्या छातीपासून वीतभर अंतरावर आले, आणि तिथेच थबकले. क्रियेला बसलेला माणूस, अंगावर ओलं धोतर. त्याला हात कसा लावायचा? खिल्लारे एक पाऊल मागे सरला. विनायक एक पाऊल पुढे आला. खिल्लारे आणखी मागे सरला. असं करत करत तो बिचारा चाकाच्या पलीकडे गेला आणि चाक मोकळं झालं.

"साहेब, नका करू," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "मी काय सांगू लोकांना?"

"सांग, शिवता येत नव्हतं."

उरलेली कणीक कठड्यावर ठेवून विनायकने दोन्ही हातांनी चाक धरलं. ते हललं नाही. अशी चाकं फिरवायला माणसं असतात, त्याने ती कागदावर काढली होती तेवढीच. त्याने पाय रोवले. गोट्यावरून घाम डोळ्यांत उतरला. चाक करकरलं, थोडं फिरलं, पुन्हा अडलं. पवित्रकातला दर्भ तुटून बोटात रुतला. त्याने परत जोर लावला. तोंडाने तो काहीतरी बोलत होता. अण्णा, अण्णा, एवढंच ऐकू येत होतं.

बाबा जागचे हलले नाहीत.

खाली कुठेतरी लोखंड घसरल्याचा आवाज झाला.

आणि धार सुटली.

आधी ती काळी होती. तळाला साठलेला सगळा गाळ, सगळी घाण घेऊन आली, आणि असा दर्प उठला की खिल्लारेने पंचा नाकाला लावला. मग ती मातकट झाली. पाणी चिखलात शिरलं, भेगा भरत गेलं, मेलेल्या माशांना उचलून खडकाकडे ढकलू लागलं. कावळे ओरडत उडाले. सगळं आभाळ एकदम काळं झालं. डबक्याभोवतीचे ते चार-पाच शेवटपर्यंत हटले नाहीत. पाणी पायाला लागलं तेव्हा तेही उठले.

परातीएवढं डबकं पसरत गेलं. विनायक वाकून वाकून बघत होता. मरळ दिसत नव्हती. तरंगतही नव्हती. गढूळ पाण्यात एकदा काहीतरी वळल्यासारखं त्याला वाटलं, पण नक्की सांगता येईना.

त्याने कठड्यावरची कणीक घेतली. चिमटी चिमटी करून तो खाली सोडू लागला, अण्णा सोडायचे तशी. गोळ्या पाण्यावर पडल्या आणि वाहत पुढे गेल्या. एकही मासा वर आला नाही. तो तरी सोडत राहिला.

पलीकडच्या काठावर गाणं बंद पडलं. मांडवातून दोन माणसं पळत खाली आली, पाण्याकडे पाहू लागली. एकाने फोन कानाला लावला.

खिल्लारेच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो काढला, नाव वाचलं आणि विनायककडे पाहिलं.

"काय सांगू, साहेब?"

"माझं नाव सांग. मी येतोय म्हणावं. असाच."

कावळे अजून वर घिरट्या घालत होते. खाली बसायला जागा नव्हती. काही खालच्या वस्तीच्या झाडांकडे गेले, काही पुलाकडे. काही धरणाच्या भिंतीवरून, तिघांच्या डोक्यांवरून, अलीकडे आले. विनायकने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्याची नजर खाली पाण्यात होती.

बऱ्याच वेळाने घाटावरून आरडाओरडा ऐकू आला.

त्याने वळून पाहिलं. माणसं हात वर करत होती. भटजी जुडी हलवत होते. कुमुदताई पायरीवर खाली बसली होती, तोंडाला पदर लावून. पत्रावळीपाशी काहीतरी काळं हललं, उडालं, पुन्हा बसलं.

"शिवला," विनायक म्हणाला. "बाबा, शिवला."

बाबांनी मान हलवली.

विनायकने चिकट हात धोतराला पुसले, आणि धीर गोळा करून विचारलं,

"म्हणजे… अण्णा तृप्त झाले?"

बाबा धारेचा आवाज ऐकत होते.

"अण्णांचं मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "कावळ्याला भूक लागली."